खाली सरळ, वर तिरका

मित्रांनो, तुम्ही नाटक बघायला येता तेव्हा सगळ्यात आधी मलाच बघता आणि सगळ्यात आधी मलाच विसरता. मी तक्रार करत नाही. माझे कामच तसे आहे. मी एका नाट्यगृहाचा जुना पडदा आहे, विजेवर चालणारा आणि गुंडाळला जाणारा. मी वर गेल्याशिवाय नाटक सुरू होत नाही, आणि एकदा वर गेलो की माझी आठवण कोणाला राहत नाही.

मोठमोठ्या नाट्यगृहांतले पडदे मधून दुभंगून दोन्ही बाजूंना पळतात, नाहीतर अख्खेच्या अख्खे वर उचलले जातात. आमच्या नाट्यगृहाचे छत बसके, आणि बाजूला पाहावे तर इकडे जिना, तिकडे कपडेपट. पडद्याने जायचे कुठे? म्हणून मला छताजवळच्या एका लांबलचक नळीभोवती गुंडाळायचे ठरले. त्या नळीच्या पोटात मोटार आहे. बटण दाबले की नळी फिरते आणि मी वेटोळे घेत वर जातो. माझ्या खालच्या काठात एक लोखंडी दांडी ओवलेली आहे. तिच्या वजनाने मी ताठ उभा राहतो, नाहीतर वाऱ्याच्या झुळकीनेही माझी फजिती झाली असती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या शेजारीच एका क्रीडागृहाचे भलेमोठे बॅनर शिवले जात होते. तेही माझ्यासारखेच गुंडाळले जाणारे, पण अंगावर भडक रंग आणि हातभर अक्षरे. फार ऐट होती त्यांना. “आम्ही खाली उतरलो की हजारो माणसे ओरडतात,” ते म्हणायचे. मी डाळिंबाच्या सालीच्या रंगाचा, अंगावर एक अक्षर नाही. पुढे मला कळले की मी खाली उतरलो की माणसे टाळ्या वाजवतात आणि मी वर निघालो की खोकणारेसुद्धा खोकायचे थांबतात. तेवढे मला पुष्कळ आहे.

नाट्यगृहात मला पहिल्यांदा हात लावला तो ताईने. ताई म्हणजे कपडेपटात शिवणयंत्रावर बसणारी बाई. राजाचा अंगरखा, भुताचा झगा, खुर्च्यांचे अभ्रे, सगळे तिच्याच हातचे. आणि माझे बटण दाबायचे काम ज्याच्याकडे आले तो तिचा पाठचा भाऊ. आधी तो दोर ओढून जुना पडदा वर घ्यायचा. मी आलो आणि दोर गेले, हाती एक बटण राहिले. तेव्हापासून सगळे त्याला बटणराव म्हणू लागले. हे नाव अर्थात ताईनेच ठेवले.

“एवढा धट्टाकट्टा माणूस आणि काम काय, तर एका बोटाचं,” ती म्हणायची.

“तुझं तरी काय गं, सुईएवढंच की,” तो म्हणायचा.

ताईचा एक नेम होता. प्रयोगाआधी ती माझ्याजवळ यायची, माझ्या काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवायची, डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी म्हणायची आणि मगच भावाला मान हलवून खूण करायची. तिची खूण झाल्याशिवाय बटणरावचे बोट बटणावर जात नसे. ती काय म्हणायची ते मी कधी ऐकले नाही, पण तिच्या हातातून ते मला कळायचे.

वर्षे अशी सुखात गेली. मग एकदा एका नाटकात जंगल होते. लाकडी झाडे ढकलत आणताना एका झाडाची फांदी माझ्या डाव्या कडेत अडकली आणि कड वरपासून खालपर्यंत खरवडत गेली. दोरे सुटले. मला तसा त्रास नव्हता, पण ताईचा जीव कासावीस झाला. तिने मला जमिनीवर अंथरून घेतले, माझ्याच रंगाची एक जाड, भक्कम पट्टी शोधून काढली आणि डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत शिवून टाकली. टाके असे की भिंग लावले तरी दिसू नयेत. व्यवस्थापकबाई स्वतः बघायला आल्या.

“ताई, कुठे फाटला होता तेच कळत नाही,” त्या म्हणाल्या.

“कळलं तर मग मी शिवलं कशाला?” ताई म्हणाली, आणि दिवसभर खुशीत होती.

मित्रांनो, इथून माझे दिवस फिरले.

मी वर जाऊ लागलो की माझा डावा कोपरा पुढे धावू लागला आणि उजवा मागे राहू लागला. पूर्ण वर पोहोचलो तरी उजवा कोपरा रंगमंचावर लोंबत राही, धुवून वाळत घातलेल्या टॉवेलसारखा. शिवाय मी हळूहळू डावीकडे सरकू लागलो, आणि माझी कड तिथल्या लोखंडी आधाराला घासू लागली. घासली की दोरे निघत. दोरे निघाले की ताई धावत येई आणि त्या पट्टीवर आणखी एक पट्टी शिवे. मग मी आणखी तिरका होई.

मला कारण ठाऊक होते. जी कड दुहेरी जाड आहे ती प्रत्येक वेटोळ्याला दुहेरी जाड होते. एका वेटोळ्यात फरक केसाएवढा, पण वेटोळी एकावर एक चढत जातात आणि शेवटी एक बाजू फुगते. फुगलेली बाजू जास्त कापड ओढते. मला हे माझ्या अंगानेच कळत होते, पण पडद्याला तोंड नसते. आणि खरे सांगू का? असते तरी ताईला हे सांगायला माझी जीभ रेटली नसती. तिने ती पट्टी किती मायेने लावली होती.

मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री आला. त्याने मला खाली सोडले, माझ्या दांडीवर पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये. खाली आलो की मी अगदी सरळच असायचो ना! वेटोळी सुटली की फुगवटाही सुटला. त्याने मोटार उघडली, पुसली, नळीचे आधार घट्ट केले, आणि मी पुन्हा वर गेलो तो तिरकाच.

“खाली सरळ आणि वर तिरका,” मिस्त्री डोके खाजवत म्हणाला. “हे मोटारीचं दुखणं नाही. कापडातच काहीतरी आहे.”

ताई कपडेपटाच्या दारात उभी होती. “कापडाला काय झालंय? टाका बघा एकेक. मोटार पुसायचा बोळा हातात घेऊन माझ्या शिवणीत खोट काढायला आलात का?”

“तसं नाही हो ताई, मी आपलं—”

“ताई, जाऊ दे,” बटणराव म्हणाला. “ते त्यांचं काम करतायत.”

“तू आपलं बोट सांभाळ.”

मिस्त्री भला माणूस. त्याने कापडाचा विषय सोडला. नवी मोटार बसवली, आणि नवी मोटार जास्त ताकदवान असल्याने मी जास्त जोरात तिरका होऊ लागलो.

मग तो प्रयोग झाला. शेवटचा प्रसंग होता. राजा युद्धात मरून पडलेला, राणी त्याच्या उशाशी उभी. बटणरावने बटण दाबले. मी खाली निघालो आणि निम्म्या वाटेत माझी डावी कड आधारात अडकली. वर जाता येईना, खाली येता येईना. प्रेक्षकांना राणी गळ्यापासून खाली दिसत होती आणि मेलेला राजा पूर्ण दिसत होता. राजाने पुष्कळ वेळ वाट पाहिली. शेवटी त्याला वाटले, पडदा पडला असणार. तो उठून बसला, पाठ खाजवली आणि चालत निघून गेला. सभागृहात असा हशा उसळला की विचारू नका. हसू खरे तर मलाही आले असते, पण मी बाजूला ताईकडे बघितले. ती पदराने डोळे टिपत होती.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकबाईंनी दोघा भावंडांना बोलावले. माझ्यासमोरच बोलणे झाले.

“मलाही वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण राजा परत उठून बसलेला मला चालणार नाही. शनिवारी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे. तोपर्यंत हा सरळ गेला तर ठीक. नाहीतर उतरवू आणि कापून खुर्च्यांवर झाकायला घेऊ.”

“कापून?” ताईने विचारले.

“जुनं कापड आहे, ताई. वाया तरी जायला नको.”

बाई गेल्यावर बटणराव माझी दांडी धरून उभा राहिला. “मी परत दोर ओढीन,” तो म्हणाला. “दोर बांधतील का पण कुणी?” ताईने माझ्या डाव्या कडेवरून हात फिरवला आणि ती म्हणाली, “अजून एक पट्टी लावते. चांगली रुंद.”

मी मनातल्या मनात हात जोडले. पडद्याला हात नसतात, पण त्या क्षणी मला होते असे वाटले.

पट्टी कापायला जागा हवी म्हणून ताईने कपडेपटातली सतरंजी गुंडाळायला घेतली. ही सतरंजीही तिनेच सांधलेली. एक कड विरली होती म्हणून तिला तशीच जाड पट्टी लावलेली. कपडेपटाचे दार उघडे होते, मला सगळे दिसत होते. ताईने सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. सतरंजी कलली. तिने सरळ केली. ती पुन्हा कलली. ताईने उलटी करून पाहिली, तर एक टोक जाडजूड आणि दुसरे बारीक, भल्यामोठ्या गाजरासारखे.

ताई सतरंजीकडे बघत राहिली. तिने ती उलगडली. सपाट, सरळ. गुंडाळली. गाजर. पुन्हा उलगडली. पुन्हा गुंडाळली. मग ती तिथेच खाली बसली आणि तिने वर माझ्याकडे पाहिले.

मित्रांनो, त्या वेळी तिच्या मनात काय चालले असेल? पट्टीचे कौतुक सगळ्या नाट्यगृहाने केले होते. तिने मिस्त्रीला चार माणसांत बोल लावले होते. तिला गप्प बसता आले असते. मी शनिवारी गेलो असतो, आणि दोष माझ्या म्हातारपणाला गेला असता.

ताई उठली. “बटणराव,” तिने हाक मारली, “मिस्त्रींना बोलाव. आणि बाईंनाही.”

सगळे जमल्यावर तिने सतरंजी गुंडाळून दाखवली. दुसरे काही समजवावे लागले नाही.

“माझ्या पट्टीनंच हा वाकडा झाला,” ती म्हणाली. “जेवढी जपणूक केली तेवढा वाकडा झाला. मिस्त्री, तुम्ही बरोबर बोलला होता. मी तुम्हाला फार बोलले.”

मिस्त्री ओशाळला. “अहो ताई, मी कापड म्हटलं, पण पट्टीचं माझ्याही ध्यानात कुठे आलं?”

“आता पट्टी काढली तर कड उघडी पडेल,” व्यवस्थापकबाई म्हणाल्या. “मग?”

“रफू,” ताई म्हणाली. “वरून काही लावायचं नाही. जे दोरे गेलेत त्यांच्या जागी तेवढेच दोरे भरायचे. जाडी वाढणार नाही.”

“एवढ्या उंचीला? शनिवारपर्यंत?”

“बघू.”

तिने माझ्या अंगावरच्या पट्ट्या उसवल्या. आपण घातलेला टाका न् टाका आपल्याच हाताने उसवणे सोपे नसते. मग रफू सुरू झाले. उभा दोरा, आडवा दोरा, एकाखालून एक. बटणराव सुईत दोरा ओवून द्यायला बसला.

“हे पण एका बोटाचंच काम का?” त्याने विचारले.

“दोन बोटांचं. बढती झाली तुझी.”

शनिवारी सभागृह भरले. ताईने नेहमीसारखा काठावरून हात फिरवला. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. ती वर बघत होती. मान हलली. बटणरावने बटण दाबले. पहिले वेटोळे, दुसरे, तिसरे. दोन्ही कोपरे एकमेकांच्या बरोबरीने चालले होते, हात धरून निघालेल्या दोन भावंडांसारखे. मी वर पोहोचलो आणि थांबलो. रंगमंचावर काहीच लोंबत नव्हते. लोक लगेच मला विसरले. इतके गोड मला कधी वाटले नव्हते.

आता मी खरोखर म्हातारा झालो आहे. माझा रंग उतरला आहे, आणि उजेड पाठीमागून आला तर डाव्या कडेचे रफू दिसते. दिसू दे. माझ्या अंगावरून काढलेली ती पट्टी ताईने टाकली नाही. कपडेपटातल्या सतरंजीचीही पट्टी तिने उसवली, तिचेही रफू केले, आणि आता गुंडाळलेली सतरंजी माझ्या त्या पट्टीने बांधून कोपऱ्यात उभी असते. सरळ.

मित्रांनो, तुमच्याजवळ एखादी जुनी वस्तू असेल तर तिला जरूर जपा. पण तिला काही लावण्याआधी तिला एकदा तिच्या कामावर असताना बघा. ती निजलेली असताना सरळच दिसेल. आम्हाला तोंड नसते, म्हणून तुम्हालाच थोडे बघावे लागते. आणि पुढच्या वेळी नाटकाला याल तेव्हा दिवे मंद झाले की क्षणभर वर लक्ष द्या. मी जाताना दिसेन. मग खुशाल विसरा.