वोल्टरच्या नावाची जात

“माझ्या पिशवीत माशी सोड, वारासुद्धा मला विचारून शिरतो,” वोल्टर म्हणाला आणि कॉफीत बिस्किट बुडवलं.

“वारा तुला विचारतो, मग तू मला का नाही विचारत?” हिले, त्याची बायको. “लाकडी बूट बाहेर. फरशी आत्ता घासलीये.”

हार्लेमजवळ प्राध्यापक तेर्विंट यांच्या घरामागच्या बागेत वोल्टर लग्नाआधीपासून माळी होता. काम एकच. संध्याकाळी उमलणाऱ्या पिवळ्या फुलांना त्यांच्याच झाडाचे पराग कुंचल्याने लावायचे आणि परके पराग येऊ नयेत म्हणून वर कागदी पिशवी बांधायची. लांबून वाटायचं, वाफ्यात किराणा दुकान उगवलंय.

यंदा उंच रोपांत एकच बुटकं निघालं होतं. प्राध्यापकांचं म्हणणं, नवी जात हळूहळू घडत नाही, एका उडीत जन्मते. या बुटक्याच्या बियांतून सगळी बुटकीच आली की झालं सिद्ध. मग त्या जातीला वोल्टरचं नाव.

“उडी मारून बुटकं?” हिले म्हणाली. “त्यात नवल काय? तुझ्या घरात सगळे तसेच.”

“हस तू. पोरबाळ नाही आपल्याला. निदान नाव तरी मागे राहील.”

हिलेने आणखी एक बिस्किट त्याच्या बशीत ठेवलं.

दुपारी बर्लिनहून वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर क्नॅप ते बुटकं बघायला आले. वाकले, कान लावला.

“प्राध्यापक, तुमची पिशवी गुणगुणतेय.”

प्राध्यापकांनी पिशवी सोडली. आतून परागाने पिवळाधमक झालेला भुंगा बाहेर आला आणि डॉक्टरांच्या दाढीवर बसला.

“वोल्टर, हा कोण?”

“भुंगा, साहेब.”

“बाहेरून शिरला?”

“छे! बाहेरून काही शिरूच शकत नाही.”

ते खरंच होतं. काल संध्याकाळी भुंगा फुलात झोपला होता आणि वोल्टरने त्याच्यासकट गाठ मारली होती.

“हे फूल गेलं,” प्राध्यापक म्हणाले. “नशीब, कळ्या आहेत अजून.”

डॉक्टर मात्र खुशीत होते. “माझी गाडी संध्याकाळची. बारसं बघितल्याशिवाय मी हलत नाही बुवा!”

बिया येईपर्यंत थांबावं, असं प्राध्यापकांना वाटत होतं, पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? त्यांनी ओकच्या खुंटीवर लॅटिनमध्ये वोल्टरचं नाव लिहिलं. वोल्टर हिलेला बोलावून आला. ती धुतलेला ॲप्रन घालून आली. समुद्राचा वारा पाट्या उडवतो, म्हणून वोल्टरने खुंटी रोपाला अगदी खेटून धरली आणि हातोडा उचलला.

“हळू रे,” हिले म्हणाली. “शेजाऱ्यांना वाटेल, मजला चढवतोयस.”

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. वोल्टरने टोपी काढली. मग ती कुठे ठेवावी, ते त्याला सुचेना.

तिसऱ्या दिवशी बुटक्याने मान टाकली. प्राध्यापकांनी गुडघे टेकून माती उकरली. खुंटी मुळाच्या मधोमध गेली होती.

“काढ ती,” ते म्हणाले.

वोल्टरने दोन्ही हातांनी ओढली. निघाली नाही.