दुधी काचेचा दिवा

इमारतीतली मुलं त्याला दिवेवाले काका म्हणत, आणि त्याच्या मेव्हणीच्या मते हे नाव फारच सौम्य होतं. तीस वर्षं वायरमनचं काम करता करता त्याला हा नाद लागला होता. लोक घर मोडताना किंवा जागा बदलताना जे दिवे अडगळ म्हणून बाहेर काढत, ते तो उचलून आणी. स्प्रिंगच्या हाताचे टेबललँप, घंटेसारख्या अॅल्युमिनियमच्या टोप्या, तीन काटकुळ्या लाकडी पायांवर तोल सांभाळून उभे असलेले दिवे, कमानीसारखे वाकून खुर्चीच्या डोक्यावर येणारे स्टीलचे दिवे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी नक्षी, झालरी, फुलंपानं सगळं काढून टाकून नुसत्या गोल आणि सरळ रेषांतून ते घडवले होते, आणि त्या साधेपणावर त्याचा जीव होता. आणलेला दिवा आधी मागच्या बाल्कनीत जाई. टबात कोमट पाणी, साबणाचा चुरा, मऊ ब्रश. मग नवी वायर, नवा होल्डर. धुतल्याशिवाय दिवा खोलीत यायचा नाही हा नियम त्याच्या हातांनीच केलेला होता, डोक्याला विचारायची वेळच येत नसे.

"भावोजी, बसायला खुर्ची द्या, नाहीतर मलाही एखादा बल्ब लावा आणि कोपऱ्यात उभी करा," असं मेव्हणी दर खेपेला म्हणे आणि बायको खळखळून हसे.

मग बायकोचे डोळे जायला लागले. दृष्टी कडेनं शाबूत होती, पण मधोमध एक राखाडी डाग आला आणि पसरत गेला. बाजूचं दार दिसे, खिडकी दिसे, पण ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं नाहीसं होई. दोन वर्षांत तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, उरलंसुरलं या वर्षाअखेर जाईल. तेव्हापासून तो तिच्याशी बोलताना जरा बाजूला सरकून उभा राही, म्हणजे निदान आपला कान, आपला खांदा तरी तिच्या वाट्याला यावा. ती मात्र आवाजाच्या रोखानं वळे आणि तो पुन्हा त्या डागात जाई.

एका दुपारी आभाळ भरून आलं, खोलीत अंधारलं आणि ती चाचपडायला लागली, म्हणून घाईघाईत त्यानं नुकताच आणलेला एक टोपीचा दिवा न धुताच तिच्याशेजारी लावला. ती म्हणाली, "हे हिरवे पडदे कधी लावलेत?"

घरात हिरवे पडदे नव्हते.

"कपाटावर औषधाच्या बाटल्या कुणाच्या? आणि हे म्हातारे गृहस्थ पेपर पसरून नखं कापतायत. अहो, कोण आहेत ते?"

तिचा स्वर घाबरलेला नव्हता. उलट तो इतका निवांत होता की त्यानं दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठले. डॉक्टर म्हणाले, असं होतं, डोळे काही देईनासे झाले की मेंदू स्वतःच चित्रं काढतो. ते त्याला पटलंही. पण ज्या जुन्या सामानाच्या दुकानदाराकडून तो दिवा आणला होता त्याच्याकडे गेल्यावर त्यानं सहज म्हणून दिव्याच्या मूळ घराची, पडद्यांची चौकशी केली, आणि दुकानदार दात कोरता कोरता म्हणाला, "हिरवे पडदे ना? मीच उतरवले की. विकलेही गेले. का, तुम्हाला हवे होते?"

त्यानंतर तो तिच्यासाठी दिवे आणू लागला आणि न धुताच लावू लागला. एकात एक बाई शिवणयंत्रावर बसलेली होती, एकात दोन भाऊ पाठीला पाठ लावून अभ्यास करत होते. सगळं तिला मधोमध, लख्ख दिसे. वेणीचा पेड, बोटातली अंगठी, वहीवरचा शाईचा डाग. ती तासन्तास बसून राही, आणि जेवायला हाक मारली की कुणाच्या तरी घरातून उठावं लागल्यासारखी उठे. शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या नवऱ्याचा तिथं काही संबंध नसे.

धुतलेले जुने दिवेही त्यानं तिला लावून दाखवले. तिनं मान हलवली. "यात माणसं नाहीत. सामान आहे, अंथरूण आहे, माणसं गेलेली."

"कुठं गेली?"

"मला काय माहीत? धुता तुम्ही."

त्यानं ते हसण्यावारी नेलं. पण टब उचलून माळ्यावर ठेवला.

मग त्याला आठवला दुधी काचेचा दिवा. लग्नानंतर एका खोलीत संसार मांडला तेव्हा त्यानं आणलेला पहिला दिवा, छत्रीसारखा गोल, बुटका. त्याच्या उजेडात ती दोघं सात वर्षं जेवली, भांडली, झोपली. पुढं तोच दिवा त्यांनी मेव्हणीला तिच्या लग्नात दिला होता. त्या दिव्यात तो होता. या एकाच दिव्यात तो असणार होता, तिच्या समोर, मधोमध, डोक्यावर सगळे केस असलेला. त्यानं लगेच मेव्हणीला फोन केला.

मेव्हणी दिवा जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन आली. "खोटं कशाला बोलू भावोजी, एकदाही लावला नाही. आमचे हे म्हणाले, हे काय टक्कल घरात आणलंस? तेव्हापासून माळ्यावर." मग बहिणीकडे वळून, "ताई, आज केस विंचरून बसलीस ती? कोण बघायला येणार आहे का?"

"मीच जाणार आहे बघायला," बायको म्हणाली. तिनं निरुपयोगी चष्माही पुसून लावला होता.

वायर कडक झाली होती, ती बदलणं भाग होतं. तो बाल्कनीत बसला. मेव्हणी दारात उभी राहून तिच्या सासरच्या कुणाचं तरी पुराण सांगत होती, तो हं हं करत होता, आणि मनात त्या एका खोलीची भिंत, खुंटी, खिडकी असं सगळं आठवून पाहत होता. आपण कुठं बसायचो? तिच्या डावीकडे. की उजवीकडे? ती पाहील तेव्हा आपण काय करत असू? निदान चिडलेलो नसू म्हणजे झालं.

"अगदी नवा केलात हो!" मेव्हणी म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. टब मांडीशी होता. तो माळ्यावरून कधी काढला, पाणी कधी तापवलं, त्याला काही आठवेना. काच दुधासारखी चमकत होती, आणि टबातलं पाणी राखाडी झालं होतं, अगदी दाट राखाडी, त्यावर साबणाचा फेस हळूहळू विरत होता. त्याचे हात ओले होते. मेव्हणी बससाठी घाईनं निघाली तरी तो तसाच बसून होता. मग बायकोची हाक आली, "झालं का हो?" आणि त्यानं चोरी लपवावी तसं ते पाणी बाल्कनीतल्या मोरीत ओतलं. जाळीतून ते गुळगुळत खाली गेलं.

पडदा ओढून त्यानं दिवा लावला. देवाचं नाव कधी न घेणारा तो माणूस मनात कुणाची तरी विनवणी करत होता.

तिचा चेहरा उजळला. "आपलीच खोली! अहो, ती खुंटी बघा. तुमचा निळा शर्ट आहे तिच्यावर."

"आणि मी?"

ती पाहत राहिली. "दोन कप आहेत. तुमच्या कपात निम्मा चहा आहे. वाफ येतेय अजून."

"नीट बघ. डावीकडे बघ."

"मीही नाही. कुणीच नाही." तिचा आवाज बारीक झाला. "दार आतून बंद आहे."

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, तिचे हात हातात घेतले. "अगं, मी इथं आहे. हा काय, तुझ्यासमोर. मी आहे." त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. ती त्याच्या आवाजाकडे वळली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याकडे वळली नाही. मान तिरकी करून ती काहीतरी ऐकत होती, आणि तिचा चेहरा मागच्या बाल्कनीकडे होता.

मग तिनं आपले हात अलगद सोडवून घेतले, पदराला चिकटलेला धागा काढावा इतक्या सहजपणे. ती उठली आणि भिंत चाचपत मोरीपाशी गेली. तिथं उकिडवी बसली, ओल्या जाळीवर तळवा टेकला, वाकून कान जवळ नेला. मागं उभा राहून तो तिला हाका मारत होता, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"हो, ऐकतेय ना," ती जाळीला म्हणाली, फार दिवसांनी भेटलेल्या माणसाशी बोलावं तशी. "पण जरा मोठ्यानं बोला हो. पाण्यातून बोलल्यासारखं येतंय."