खुंटा कुठं ठोकायचा?

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची नाव आहे आणि मी समुद्र कधी पाहिलेला नाही. हसू नका! माझा जन्म नांदगाव खंडेश्वरकडचा. तिकडे काळी जमीन, कपाशी, तूर आणि आमच्या गावाला लागून एक धरण. तेवढं पाणी मला आयुष्यभर पुरलं.

मला घडवलं ओमप्रकाश सुतारांनी. ते जन्मभर बैलगाड्या करत आलेले. नाव त्यांनी कधी केली नव्हती, पण ‘जमत नाही’ हे शब्दच त्यांना ठाऊक नव्हते. त्यामुळे माझ्या फळ्या सागाच्या आणि सांधे मात्र गाडीसारखे दणकट. शीड शिवलं माझ्या मालकिणीनं, चतुराबाईंनी. जाड मांजरपाटाचं. त्यात घरच्या शिलाई मशीनच्या तीन सुया मोडल्या, असं त्या अजून सांगतात.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं आणि गाळाची ओली जमीन उघडी पडते. पलीकडच्या काठाच्या त्या जमिनीत चतुराबाई टरबुजं लावत. तिथून माल रस्त्यानं आणायचा तर अठरा किलोमीटरचा वळसा. माझ्यातून आणायचा तर दुपारचा पश्चिमेचा वारा शिडात भरला की अर्ध्या तासात आम्ही अलीकडच्या घाटावर. तिथं टेम्पो यायचा आणि माल चांदूर रेल्वेच्या बाजाराला जायचा. पहिल्या दिवशी सारं गाव मला बघायला आलं होतं. मी थोडी फुगले, हे कबूल करते.

पण मला बांधायचं कुठं, हे काही ठरलेलं नव्हतं. घाट लहान आणि मासेमारांच्या नावा डझनभर. चतुराबाईंचे यजमान पुंजाजी पक्के शेतकरी. त्यांनी ऐन घाटावर, टेम्पो उभा राहतो तिथंच खुंटा ठोकला.

“बैल दाराशी अन् नाव घाटाशी,” ते म्हणाले. “माल उचलला का टेम्पोत. अजून काय पायजे?”

आणि त्यांनी मला बांधलं गोठ्यातल्या बैलासारखं, हातभर दाव्यानं. चतुराबाईंची सून मोनाली म्हणाली, “मामाजी, दावं आखूड नाई होत काय?”

“लांब ठेवलं का जनावर शेजारच्याले शिंगं मारते,” पुंजाजींनी ऐकवलं.

मित्रांनो, मला शिंगं नाहीत. पण मला सांगता कुठं येतं?

एका बाजाराच्या आदल्या दुपारी आम्ही काठोकाठ टरबुजं घेऊन आलो. टेम्पोला उशीर होता. मला खुंट्याला जखडून सगळे चहाला गेले. तेवढ्यात वारा चढला. तो पलीकडून सगळं धरण ओलांडून येतो आणि सरळ घाटावर आदळतो. लाट आली की नावेनं नाक वर करायचं असतं. माझं नाक हातभर दाव्यात अडकलेलं! एक लाट आत आली, मग दुसरी आली. डाव्या बाजूनं शेजारची नाव धडका देई, उजवीकडे दगड होते. माझी एक फळी तडकली. खूप दुखलं. मी कलंडले आणि टरबुजं निघाली धरणात पोहायला.

मासेमारांनी जाळी टाकून टरबुजं धरली. सहदेव नावाचा मासेमार ओरडला, “मावशी, आज लय मोठे मासे लागले!” घाटभर हशा पिकला. चतुराबाईही हसल्या. पुंजाजींना मात्र हसू आलं नाही.

“विकून टाकू हे लाकूड,” ते म्हणाले. “रस्त्यानंच माल आणू.”

मी पाण्यात अर्धी बुडालेली, तरी हे ऐकून मला कोरड पडली.

“मले आठ दिवस द्या,” चतुराबाई म्हणाल्या. “नाई जमलं तं मंग विका.”

ओमप्रकाश सुतारांनी फळीला ठिगळ लावलं. चतुराबाई रोज दुपारी घाटावर येऊन नुसत्या बसायच्या. पाणी कुठं उसळतं आणि कुठं गप्प राहतं, ते बघायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहदेवला हाक मारली.

“काहून रे, तुई नाव घाटावर कधी दिसत नाई?”

“मी त्या बाभळीच्या टेकाडामागं बांधतो, मावशी. तिथं वारा लागत नाई. पण थे जागा दोनशे पावलं दूर हाये. तुमचं वजनी काम, तुमाले परवडन काय?”

चतुराबाई टेकाडामागं जाऊन आल्या. पाणी तिथं परातीतल्यासारखं स्वस्थ होतं. पुंजाजींनी ऐकताच कपाळाला हात लावला.

“दोनशे पावलं टरबुजं कोण वाहीन? तू?”

“मले एक सांगा,” चतुराबाई म्हणाल्या. “तुमी गाडी खळ्यात रिकामी करता. मंग बैलं बी खळ्यातच बांधता काय?”

“येडी झाली काय? बैलं सावलीत सोडतो.”

“अन् चराले सोडलेला बैल हातभर दाव्यानं बांधता?”

“थ्याले लांब दोर लागते. फिरन कसा तो?” पुंजाजी बोलून गेले. मग त्यांनी माझ्या हातभर दाव्याकडे पाहिलं.

आठवा दिवस उजाडला. दुपारी आम्ही भरून आलो. वारा त्या दिवसापेक्षा जास्त होता. घाटाला लागताच मोनाली आणि चतुराबाईंनी भराभर माल काठावर उतरवला. माझी पाठ रिकामी झाली तसं पुंजाजींनी स्वतः मला टेकाडाआड नेलं आणि बाभळीशेजारच्या खुंट्याला बांधलं. दोर किती? तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून तीनदा मोजलेला! घाटावर नावा एकमेकींवर आदळत होत्या, त्यांचे मालक आरडाओरडा करत होते. मी खुंट्याभोवती संथ फिरत होते. वारा वळला की मी वळायची. इतकं सुख मला पहिल्यांदाच मिळालं.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पुंजाजी हळद-तूप घेऊन आले. बैलांचे खांदे मळून झाले होते. वाटीत थोडं उरलं होतं, ते त्यांनी माझ्या नाकाला चोळलं आणि इकडंतिकडं कोणी नाही ना हे बघून बैलांना म्हणतात तेच पुटपुटले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी माझ्या फळीवर पुरणपोळी आली. ती सहदेवच्या कुत्र्यानं खाल्ली, पण आवतन मलाच होतं.

याला आता बारा वर्षं झाली. पावसाळ्यात पाणी चढतं तसा माझा खुंटा वर सरकवतात. आता सुकाणू मोनाली धरते. मधली दोन वर्षं धरणात पाणीच नव्हतं. तेव्हा मी काठावर उन्हात तडकत पडले होते आणि माझ्या पोटात शेळ्या बसायच्या. मित्रांनो, आपल्यासाठी राबणाऱ्याला, तो बैल असो, नाव असो की माणूस, काम झाल्यावर सावलीची जागा द्या आणि त्याचं दावं जरा लांब ठेवा. एवढंच माझं मागणं आहे.

यंदा मी थोडी गळू लागले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी एक पाहुणा पुंजाजींना म्हणाला, “विका हे लाकूड. फायबरची नवी घ्या.”

पुंजाजी हळदीची वाटी घेऊन माझ्याकडेच निघाले होते. ते थांबले आणि म्हणाले, “आवतन देल्यावर पाहुण्याले कोणी विकते काय?”