बनुबाईचा तांबडा तळहात

दर गुरवारी आमच्या वडापच्या जीपला टपावर बी माणसं. फलटणची, लोणंदची, पार सांगलीकडची. कशापायी? तर पिवळेबाबा! एच.आय.व्ही. धुऊन काढणारा बाबा. दवाखाना म्हनतो जल्मभर गोळ्या खा, ह्यो गडी म्हनतो पाच गुरवार या. कुठं मिळती अशी सवलत?

जीप माजीच, म्हनून समदं डोळ्यांनी बघितलंय. नवी बाई आली की बाबाचा चेला तिच्या तळहाताला भस्म चोळायचा, मग हळदीच्या पाण्याच्या परातीत हात बुडवायचा. हात तांबडाभडक!

"बघा, रगतातला रोग वर आला!"

बाया हात जोडायच्या. मग पथ्य. गोळी बंद, अंडी-दूध-शेंगदाणं बंद, नुसती अळणी भाकरी. "रोगाला उपाशी मारा!" रोग कशाचा मरतोय, बाईच वाळायची. पाचव्या गुरवारी हात साबणानं धुवायचा, भस्म न्हाई. परातीतनं निघाला पिवळा, की "बरी झाली!"

माज्या शेजारची संयोगिता अशीच वाळली. नवऱ्याकडनं आजार आला. नवरा गेला, आजार ऱ्हायला. गोळ्या चालू व्हत्या तवर खुरपायला जायाची. सासू बनुबाईनं तिला बाबाच्या नादी लावली, आन् घरात तिचं ताट येगळं केलं. म्हातारी वंगाळ न्हाई, भित्री हाय.

पाचव्या गुरवारी मी संयोगिताला उचलूनच जीपमधनं उतरवली. अंगात ताप, तोंडात फोड. हात निघाला पिवळा.

"बरी झाली!" बाबा वरडला.

"बरी झाल्याली माणसं उभी ऱ्हात्यात, म्हाराज," मी म्हनलो.

"गप रं! जीपच्या धुरानं तुजी अक्कल काळी झालीया."

बनुबाईला मातर लय आनंद. तंबाखू मळून दाढंत धरल्याली, ती तशीच पुढं झाली आन् तीर्थ म्हनून परातीत ओंजळ घातली. ओंजळ तांबडी!

बाबाच आधी दचकला. मग म्हनतो कसा, "सुनेचा रोग सासूत उतरला!"

"माज्यात? माजा म्हातारा जाऊन ईस वर्सं झाली, मुडद्या!"

पर बाया मागं सरल्या. शेजारच्या बाईनं आपला पदर वढून घेतला. म्हातारीनं पाणी मागितलं. कुणी देईना. भिंतीला टेकल्याल्या संयोगितानं आपला तांब्या सरकवला.

"प्या, आत्याबाई. मगाशी तंबाखू मळलीसा न्हवं? चुना हातालाच हाय."

"आसंल. मग?"

"तुमी म्हायेरी कुंकू कशाचं करत हुता?"

"हळदीला चुना..." म्हातारी थांबली. तांबड्या हाताकडं बघितलं, मग बाबाकडं.

मी बाबाचं मनगट धरलं. बनुबाईनं डबीतला चुना त्येच्या तळहाताला फासला आन् हात परातीत दाबला. तांबडाजर्द!

"आगं बया, बाबास्नी बी हाय की!" गर्दीतनं कुनीतरी बोललं.

भस्माच्या डब्यात बी चुन्याचीच पूड निघाली. मी पोलिसास्नी फोन लावला, त्ये येईस्तवर बाया चुना लावून हात रंगवत व्हत्या.

संयोगिताला तसंच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई बनुबाईला म्हनाल्या, "आजी, गोळी रोज. आपल्या मनानं बंद करायची नाही. जोडीला अंडी, डाळ, शेंगदाणे पोटभर. नुसत्या जेवणानं हा आजार आटोक्यात येत नाही, आणि उपाशी अंगाला ताकद येत नाही. एका ताटात जेवल्यानं मात्र तो कुणाला लागत नाही."

बायांनो, रोग तळहातावर उमटत न्हाई. त्येला रगत तपासावं लागतं. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, गोळ्या बी फुकट. फुकटात जीव वाचतोय, तर त्यो बाबाच्या परातीत कशाला बुडवता?

संयोगिता आता माज्या जीपमधी आपली आपण चढती. ते येगळं ताट? त्यात बनुबाईच्या कोंबड्या पाणी पित्यात. आन् त्यांची अंडी सासू-सुना एकाच ताटात खात्यात.