दुसऱ्याचं वाक्य

माझा स्वभाव मुळातच उतावळा. गिऱ्हाईक पिशवीतून कापड काढेपर्यंत माझी टेप त्याच्या खांद्यावर असते. दूध वर यायच्या आधी मी गॅस बंद करते. आणि आमच्या ह्यांनी वाक्य सुरू केलं की पुरं मी करते.

हौस म्हणून नाही हो. ह्यांची जीभ लहानपणापासून अडखळते. पहिलं अक्षर दाताशी येऊन बसतं आणि हे मान खाली घालून त्याची समजूत काढत राहतात. घाम मात्र समोरच्याला फुटतो. म्हणून तेवीस वर्षं मीच पुढे होते. हे "मला..." म्हणाले की मी "चहा?" म्हणते, हे मान हलवतात, चहा होतो. कामसुद्धा ह्यांनी असं धरलंय की बोलावं लागू नये. वाचनालयात फाटक्या पुस्तकांची बांधणी करतात. पुस्तकं कुणाला घाई करत नाहीत.

पण कुजबुजताना ह्यांची जीभ अगदी सुरळीत चालते. का, ते मला विचारू नका. आमच्या हौशी नाटक मंडळीचे दिग्दर्शक डॉक्टर आहेत, पण दातांचे. त्यांनाही माहीत नाही. हे लक्षात आल्यापासून, म्हणजे सोळा वर्षं, हे मंडळीचे प्रॉम्प्टर आहेत. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर स्वतः लाल कापडात बांधलेलं नाटकाचं बाड, आणि कुणी विसरला की हलकेच शब्द पुरवायचा. प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य ह्यांना पाठ. कपड्यांचं काम माझ्याकडे. दरवर्षी नव्या नाटकाची पात्रं ठरली की घरी येताना हे वाटभर गप्प असायचे. घरात पाऊल टाकल्यावर "मला..." म्हणायचे, आणि मी आधण ठेवायची.

यंदाचं नाटक होतं एका बापाचं आणि घर सोडून दूर निघालेल्या त्याच्या मुलीचं. बाप झाला होता भोंगा, हे आम्हीच त्याला ठेवलेलं नाव. भोंगा विमा विकतो, आणि त्याचा आवाज असा की एका घरात समजावलं तर चार घरांचा विमा उतरावा. डॉक्टर सारखे सांगत होते, "अहो, आवाज मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, पुढच्या गावापर्यंत नको." ऐकेल तो भोंगा कसला! शेवटचे चार दिवस त्याने दिवसातून दोनदा पूर्ण आवाजात तालीम केली. प्रयोगाच्या दिवशी दुपारी चारला सभागृहात आला तो गळा धरूनच. तोंड उघडलं तर नुसती हवा.

सभागृह आम्हाला वर्षातून एकच दिवस मिळतं. साडेसहाचा प्रयोग, चारशे माणसं येणार. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीचं काम करणारी पोर औषधाच्या दुकानात काम करते. ती रंगवलेल्या तोंडानेच रडायला लागली. मग डॉक्टरांनी हळूच ह्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, आणि सगळ्यांनीच लगेच नजर दुसरीकडे वळवली. बापाचं काम अक्षर न् अक्षर पाठ असलेला एकच माणूस, आणि तो हा. चणे होते, दात नव्हते, आणि दातांच्या डॉक्टरचाही उपयोग नव्हता.

हे उठून उभे राहिले. "मी..." म्हणाले आणि अडकले.

"हे म्हणतायत, त्यांना नाही जमणार," मी सांगून टाकलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नाही अशी मान हलवली. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच. मग माझ्या कानाशी वाकून कुजबुजले, "मी करतो. अडकलो तर अडकलो. एकदा करू दे मला."

नाटक खड्ड्यात गेलं असतं तरी मला काही वाटलं नसतं. पण चारशे लोक माझ्या माणसाला हसणार, हे मला सोसणारं नव्हतं. नको म्हणावं, तर ह्यांनी माझ्याकडे आजवर दुसरं काही मागितल्याचं आठवेना.

तेव्हा मला ताळ्याची आठवण झाली. नाटकाची हाताने नक्कल काढली की आम्ही दोघं तिचा ताळा घेतो. मूळ प्रत माझ्याकडे, नक्कल ह्यांच्याकडे, आणि दोघांनी एकदमच मोठ्याने वाचायचं. कुणी काही गाळलं असेल तर लगेच कळतं. त्या वाचनात हे एकदाही अडखळत नाहीत. सोबतीला दुसरा आवाज असला की ह्यांची जीभ त्याचं बोट धरून चालते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "बापाची खुर्ची खिडकीला लावा."

बाप जवळजवळ नाटकभर खुर्चीतच बसून असतो. आमच्या देखाव्यात एक खिडकी होती, तिला पडदा होता. पडद्यामागे मी स्टूल टाकलं आणि लाल बाड मांडीवर घेतलं. भोंग्याच्या कोटात ह्यांच्यासारखे दोघे मावले असते. तो मी पाठीमागून टाके घालून आवळला. टाके घालताना दोनदा सुई माझ्याच बोटात गेली. हे मात्र शांत उभे होते.

तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. मी दबक्या आवाजात बापाचं पहिलं वाक्य सुरू केलं आणि त्याच क्षणी पलीकडून ह्यांचा आवाज आला. मोठा, जरा घोगरा, पण न अडखळणारा. असा आवाज आपल्या घरात आहे हे मला माहीतच नव्हतं! मी वाचत गेले, हे बोलत गेले. मधे एकदा मी घाईत अर्धा शब्द पुढे गेले तर हे थांबले, मी परत मागे आले, आणि पुन्हा जोडी जमली. विंगेतून डॉक्टर दोन्ही अंगठे दाखवत होते. मला वाटलं, सुटलो.

शेवटचा प्रवेश आला आणि कळलं की आम्ही सगळे एकजात गाढव आहोत. खुर्ची खिडकीशी आणली, पण दार? मुलगी बॅग घेऊन निघते, बाप तिच्यामागे दारापर्यंत जातो आणि नाटकातलं शेवटचं वाक्य दारात उभं राहून म्हणतो. दार होतं रंगमंचाच्या पार दुसऱ्या टोकाला. घाईगर्दीत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मागून धावत जावं, तर वाटेत टेकू, शिडी आणि वायरींचं जंजाळ. ह्यांनाही ते कळलं असणार, कारण उठताना हे क्षणभर खिडकीकडे वळले. मग कोट सारखा करून माझ्यापासून लांब चालू लागले.

वाक्य एवढंच होतं: दार मी लावणार नाही, केव्हाही ये.

"द..." हे म्हणाले.



"द..." ह्यांची मान खाली जायला लागली. ती मान मी ओळखते. माझं तोंड आपोआप उघडलं. तिथून ओरडले असते तरी वाक्य पुरं झालं असतं, हातचा मळ होता माझ्या. पण पडद्याच्या फटीतून मला ती पोर दिसली. तिने खरं तर मागे वळून न बघता निघून जायचं होतं. ती वळली होती. तिने बॅग खाली ठेवली आणि ह्यांच्याकडे बघत उभी राहिली, जगातली सगळी सवड असल्यासारखी. काल-परवाची पोर, तिला ते सुचलं. मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

ह्यांनी मान वर केली. "द... द... दार मी..." श्वास घेतला. "ल... लावणार नाही. क... केव्हाही ये."

कुणीही हसलं नाही. ती पोर धावत परत आली आणि ह्यांच्या गळ्यात पडली. नाटकात असं काही नव्हतं. डॉक्टर पडदा पाडायचा विसरले. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मला समोरचं काहीच दिसत नव्हतं, बाडाची शेवटची दोन पानं ओली झाली होती.

बाहेर जिन्यात एक बाई दुसरीला सांगत होत्या, "शेवटी बापाचा गळा काय दाटून आला, नाही? कसलं काम केलं हो माणसानं!" भोंग्याने ह्यांच्या हातात चिठ्ठी दिली: "मला हे असं जमलं नसतं." ह्यांनी ती घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. मग कोट भोंग्याचाच आहे हे आठवून परत काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कोटाचे टाके उसवत बसले होते. हे समोर येऊन बसले.

"मला..."

शब्द माझ्या ओठावर आला होता, उठायला गुडघाही उचलला होता. गुडघा खाली टेकवला. कोट बाजूला ठेवला आणि ह्यांच्याकडे बघत बसले. थांबणं इतकं जड असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला... प... पुढच्या न... नाटकात काम हवंय."

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"स... सोळा वर्षं."

दर वर्षी पात्रं ठरली की हा माणूस घरी येऊन हेच वाक्य सुरू करत होता, आणि मी त्याच्या हातात कप देत होते. आणि हे तो चहा मुकाट्याने पीत होते! मला भडभडून आलं. ह्यांनी माझ्या हातातली कात्री आधी काढून घेतली, मग हात धरला.

"निदान चहा तरी आवडायचा ना?" मी डोळे पुसत विचारलं.

हे बराच वेळ अडकले. मी मधे बोलले नाही.

"फ... फारसा नाही," हे म्हणाले.