दार उघडं राहिलंय

"म्हणजे इंटरनेटवर बघितलं तर चालेल, पण उतरवून घेतलं तर गुन्हा?" हिसाएनं विचारलं.

"बहुधा," वाचनालयातले कुनिसाकी म्हणाले. "ते परवानगीशिवाय ठेवलंय हे माहीत असूनही घेतलंत तर."

"मला कुठं माहितीये?"

"मग बहुधा नाही. पण आता मी सांगितलं ना."

"म्हणजे विचारलं हेच चुकलं?"

कुनिसाकींनी चष्मा पुसायला घेतला.

हामादा शहराच्या इस्पितळात हिसाएनं तेहेतीस वर्षं टेलिफोन जोडून दिले होते. आवाजावरून माणूस ओळखणं हे तिचं कसब. पण नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याचा, तोकुजीचा, आवाज हल्ली तिला आठवेनासा झाला होता. तो आवाज एकाच ठिकाणी असण्याची शक्यता होती: बंदरावर चित्रित झालेल्या जुन्या मालिकेच्या नवव्या भागात. मासे पोचवणाऱ्याचं एक वाक्य त्याला मिळालं होतं. वाहिनीनं टेप शिल्लक नसल्याचं कळवलं होतं. आणि परवा शोधता शोधता एक कोरं पान उघडलं. फायलींची नावं, तारखा, आकार. बाकी काही नाही. कुणाच्या तरी संगणकाचा कुलूप न लावलेला कप्पा. त्यात नववा भाग होता.

"दार उघडंच आहे की, वहिनी! मग चोरी कसली?" तोकुजीची बहीण ओरिए फोनवर म्हणाली.

"तुझंही दार दिवसभर उघडं असतं. म्हणून कुणी टीव्ही उचलून नेतं का?"

"माझा? भंगारवालाही नेणार नाही. उद्या येते मी. दादाला ऐकायचंय."

उघड्या दारातून जोडे काढायच्या जागेपर्यंत कुणीही यावं, हाक मारावी. वर पाऊल टाकू नये. एवढा नियम हिसाएला पक्का ठाऊक होता. नुसतं बघणं म्हणजे जोड्यांपर्यंतच, असं ठरवून तिनं बटण दाबलं.

चौदाव्या मिनिटाला तोकुजीनं खांद्यानं दार सरकवलं. जोड्यांजवळ उभा राहिला. "कुणी आहे का घरात?" घर रिकामं होतं. थोडं थांबून, खोकं ठेवून तो गेला. अकरा सेकंद. तिनं चारदा पाहिलं.

मग हे घर कुणाचं ते बघावं म्हणून ती वरच्या कप्प्यात गेली. 'दुकान'. 'आईचे रिपोर्ट'. आपण जोड्यांसकट आत आलो, हे तिला उमगलं. 'दुकान'मध्ये एका घड्याळजीचा नंबर होता, तेवढा तिनं लिहून घेतला. नववा भाग उतरवून घ्यायला एक बटण पुरे होतं. तिनं फोन उचलला.

"तुमचं दार उघडं राहिलंय."

"कसलं दार?" पलीकडचा माणूस गोंधळला.

तिनं समजावलं. संध्याकाळी यादीच्या जागी एकच ओळ होती: परवानगी नाही.

"एक दिवस थांबली असतीस तर?" दुसऱ्या दिवशी ओरिए एवढंच म्हणाली आणि चहा न घेता गेली. आपण बरोबर केलं की नाही, हे हिसाएला कळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओरिएकडं गेली. दार सताड उघडं. जोड्यांजवळ उभी राहून तिनं हाक मारली, "कुणी आहे का घरात?" 'कुणी' खालच्या पट्टीत, 'घरात' किंचित लांबवलेलं. तिचं तिलाच नवल वाटलं.

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"पुन्हा म्हण," ओरिए आतूनच म्हणाली.