आठवी थिंबल

वायरमनने स्वतःच्या मुलीला लाडाने ठिणगी म्हणावं, याहून धंद्याला अपशकुनी नाव शोधून सापडणार नाही. लहानपणच्या रागापायी पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. आता ठिणगी सव्वीसची होती. सहा वर्षं वडिलांच्या हाताखाली काढलेली, आणि वडिलांच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला.

"आत्याच्या लॉन्ड्रीतल्या ड्रायरची केबल जळलीय," वडील म्हणाले. "एकटीने बदल. तिने पास केलं तर माझी हत्यारांची पिशवी तुझी, गिऱ्हाइकंही तुझी. नाहीतर अजून दोन वर्षं शिडी धर. आणि थिंबली दोन जास्त ने."

"आठ लागतात, आठच नेते," ठिणगी म्हणाली. शिडी धरून तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

आत्याला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिच्या हातून पास होणं म्हणजे खायचं काम नव्हतं. तीस वर्षं ती काउंटरवर आलेल्या प्रत्येक कपड्याचं प्रत्येक बटण ओढून बघत आली होती. निघालं की गिऱ्हाइकासमोर बरणीत. "माझ्या हातात निघालं ते मशिनमध्ये हरवत नाही," असं वर ऐकवायची. तिच्या नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे लग्नाआधी तिने त्याचंही बटण ओढून पाहिलं होतं.

ठिणगीने मेन स्विच पाडला, कुलूप घालून किल्ली खिशात टाकली आणि कामाला लागली. थिंबल म्हणजे केबलच्या टोकावर चढवायची तांब्याची टोपी, पुढे बोल्टसाठी भोक असलेली. केबलची चार टोकं पॅनेलमध्ये, चार ड्रायरमध्ये. प्रत्येक टोक सोलायचं, एकही तार न तुटता. त्यावर बेताची टोपी चढवायची. मग दाबायच्या टूलच्या नेमक्या खाचेत धरून कचकन दाबायचं. सगळं झकास चाललं होतं. त्यामुळेच ती गुणगुणायला लागली, आणि गुणगुणण्याच्या नादात सातवी थिंबल भलत्याच खाचेत धरून तिची पार चपाती केली.

आता उरली एक, टोकं दोन. विजेच्या सामानाचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. आणि मागून आत्या, "तीन वाजले गं! सहाला हॉलवाला टेबलक्लॉथ न्यायला येतोय. शंभर आहेत, सगळे ओले!"

एक टोक उरलेल्या थिंबलीने नीट बसलं. मग पिशवीच्या तळाशी हात घातला तर एक मोठ्या मापाची थिंबल सापडली. टोक तिच्यात सैल बसत होतं, थोरल्या भावाच्या बुटात धाकट्याचा पाय जावा तसं. ठिणगीने इकडे तिकडे पाहिलं. कापलेल्या तुकड्यातल्या चार तारा घेतल्या, पोकळीत कोंबल्या, दाबलं आणि सगळी टोकं बोल्टने बसवली. बाहेरून बघाल तर आठांत तीच देखणी.

आत्या पदर खोचून आली. "बंद आहे ना सगळं? काढ बोल्ट, बघू दे." मग तिने एकेक टोक चिमटीत धरून हिसडा दिला. बटणाला देते तसाच, वर दात-ओठ खाऊन. एकही हललं नाही. आठव्याला तर तिने दोनदा ओढलं.

"पास!" आत्या म्हणाली. "लाव आता बोल्ट. दादाला फोन करते."

ठिणगीच्या जिवात जीव आला आणि लगेच गेलाही. वडील नेहमी सांगत, सैल थिंबल ओढून कळतेच असं नाही. ती गरम होत होत वर्षभराने कळते. वर्षभराने ड्रायरमागे टेबलक्लॉथचा ढीग असेल आणि समोर आत्या उभी असेल. तिला आपली लाज वाटली, सरळ लाज वाटली.

"आत्या, थांब. फोन नको करूस." तिने कटर उचलला आणि ते टोक थिंबलीसकट कापून टाकलं. "आत तारा कोंबल्या होत्या. चुकीचं माप आहे. मी दुकानात जाऊन येते."

"आणि हॉलवाला?"

"त्याला मी सांगते. चूक माझी आहे."

 ठिणगी धावत गेली, थिंबली घेऊन घामाघूम परत आली; या वेळी दोन जास्त. नवी चढवली, दाबली, ओढून पाहिली. सात वाजता ड्रायर फिरायला लागला. हॉलवाला काउंटरपाशी स्टुलावर फुगून बसला होता.

मग आत्याने फोन लावला.

"दादा? हो, झालं. नाही, उशीर झाला. चांगलाच झाला." ठिणगी मान खाली घालून टूल पुसत राहिली. "ऐक तर! काही बटणं ओढली तरी टिकतात आणि पाण्यात गेली की निघतात. ती मला तीस वर्षांत कधी ओळखता आली नाहीत. तुझ्या पोरीला येतात. पिशवी देऊन टाक."

फोन ठेवून तिने कापलेली आठवी थिंबल जमिनीवरून उचलली, बटणांच्या बरणीचं झाकण उघडलं आणि आत टाकली.